आण्णांची आरोळी, उणे आठ अंशांत

सेम्बावांग

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला, आमच्या ब्लॉकमागच्या बस स्टॉपवर संध्याकाळी रानडुकरं येतात. सिंगापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती उभ्या राहतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. एक मादी आणि तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पिल्लं. झाडीतून बाहेर येतात, गवत उकरतात आणि बस आली की जरा बाजूला सरकतात. 'खायला घालू नका' असा बोर्ड लावलेला आहे. तो डुकरांनीही वाचला असावा, कारण ती कुणाकडे मागायला येत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांचा व्हिडिओ काढून गावी आईला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"आरं, ही तुझ्या दारात हाईत? आणि तुमी नुसतं फोटू काढताय?"

"इथं हाकलत नाहीत, आई."

"तुझं आण्णा हसाय लागल्यात बघ."

आण्णांचं हसणं आता ऐकू येत नाही, ते आईकडूनच कळतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ते हातानं खुणा करतात, आई त्यांचं मराठी करते, आणि मधूनमधून स्वतःचं मतही त्यांच्या नावावर खपवते.

या माणसाचा आवाज काय होता, ते सांगायला हवं. आमचं गाव आजऱ्याकडच्या डोंगरात. भात पोटरीला आलं की रानडुकरं रातोरात खाचरं उकरून टाकायची. मी लहान असताना गावात पीक राखायच्या परवान्याच्या दोन-तीन बंदुका होत्या आणि वर्षातून काही वेळा हाका व्हायचा. हाका म्हणजे रानाच्या एका अंगाला बंदूकवाले गप्प बसणार, आणि दुसऱ्या अंगानं पंचवीस-तीस माणसं एका रांगेत, ओरडत, झाडांवर काठ्या आपटत पुढं सरकणार. जनावर आवाजाला बुजून बंदुकांकडं जातं. रांगेच्या मधोमध जो असतो त्याच्या आरोळीवर दोन्ही बाजू चालतात. आमच्या गावचे ते मधले हाकेकरी म्हणजे आण्णा. ते सगळं आता बंद झालं, कायदा आहे, आणि ते ठीकच आहे. पण ती आरोळी मी अजून विसरलेलो नाही.

मी ती ऐकली शाळेच्या खिडकीतून. नऊ वर्षांचा असताना एकदा मधल्या सुट्टीत पळालो आणि काठी घेऊन रांगेत घुसलो. आण्णांनी मला पाहिलं. ते रांग सोडून आले, माझा कान धरला आणि मला शाळेपर्यंत चालवत नेलं. मधला माणूसच गेला म्हटल्यावर रांग फुटली आणि सगळा कळप निसटला. गाव त्यांच्यावर पुष्कळ ओरडलं. त्यांनी फक्त गुरुजींना सांगितलं, "ह्येला आत बसवा. भाईर आवाज कराय मी हाय."

त्या एका वाक्यावर मी मरीन इंजिनीअर झालो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिला, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आधी जहाजांवर होतो. आता सिंगापूरला जहाज दुरुस्तीच्या कामावर आहे. पण आरोळी शिकायची राहिली. गावात आता ती कुणालाच येत नाही. रेकॉर्ड करून ठेवावी असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझ्याकडे तर फोन होता.

डिसेंबरात मारेकचा निरोप आला. मारेक पोलंडचा. दोन वर्षं आमच्या यार्डात एका जहाज कंपनीचा माणूस म्हणून होता आणि दर रविवारी माझ्याकडे कोंबडीचा रस्सा ओरपायचा. आता निवृत्त होऊन गावी परतला होता. त्यानं लिहिलं होतं, "जानेवारीत आमच्याकडे रानडुकरांचा हाका आहे. बंदूक तुला मिळणार नाही, पण ओरडायला माणसं कमी पडतात. तुझे वडील हेच करायचे ना?"

मी आईला सहज सांगितलं. पलीकडे खाट करकरली. मग आई हळू आवाजात म्हणाली, "तुझं आण्णा उठून बसल्यात. म्हनत्यात, जा. आणि आरोळी दे. एकदा कानावर पडू दे म्हनत्यात."

"मला येत नाही आई, त्यांना माहितेय."

"त्येस्नी ठावं हाय. तरी म्हनत्यात."

थंडीची बॅग

सिंगापुरात राहणाऱ्या माणसाकडे थंडीचे कपडे नसतात. त्यावर आमच्या भागातल्या मराठी घरांनी तोडगा काढलाय, तो म्हणजे थंडीची बॅग. एक भली मोठी लाल सुटकेस. स्वित्झर्लंड, होक्काइडो, लेह, जिथं कुणी निघेल त्यानं ती न्यायची, आल्यावर कपडे धुऊन परत करायची, आणि जे तिथं कमी पडलं ते आत भर घालून ठेवायचं. सोबत एक वही असते. 'हातमोजे ओले होतात, दोन जोड घ्या.' 'कानटोपी आजोबांना झाली नाही.' वहीतलं अक्षर बघून कोण कुठं गारठलं ते कळतं.

बॅग तेव्हा तांबेवहिनींच्या बॉम्ब शेल्टरमध्ये होती. इथल्या नव्या फ्लॅटना अशी एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची, खिडकी नसलेली खोली असते. युद्ध झालं तर जीव वाचवायला. तोवर तिच्यात लोणच्याच्या बरण्या, गणपतीचं मखर आणि थंडीची बॅग.

"शिकारीला?" तांबेवहिनी म्हणाल्या. "अहो, त्या जॅकेटमधले माझ्या सुनेचे बर्फातले फोटो आहेत. रक्त लागलं तर?"

"मी फक्त ओरडणार आहे, वहिनी."

"एवढंच ना? मग आमच्या ह्यांना पण घेऊन जा."

माझी मुलगी अन्वी तर इथल्या बोलीत आणखी स्पष्ट बोलली. "बाबा, तू सिक्स थाउजंड माइल्स फ्लाय करून शाउट करणार? घरी करतोस ना, फ्री ऑफ चार्ज, लाह."

मारेकची यादी आली होती. आतून लोकरीचं घाल, सुती नको, घाम आला की सुती अंगाला चिकटून गोठतं. वरचं कापड आवाज न करणारं हवं. पायात उंच, पाणी न शिरणारे बूट. मोज्यांचा जादा जोड आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. गरम चहाचा थर्मास. अत्तर, सेंट काही नको. वरून घालायचं बिनबाह्यांचं नारंगी जाकीट मी देईन, त्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही.

आण्णांची यादी आईनं सांगितली. "घोंगडं घे. गूळ घे. काठी तितंच तोड, हितनं न्हेऊ नगंस. आणि सुतळी घे."

"सुतळी कशाला? तिकडं काय पोती शिवायचीत?"

"घे म्हनत्यात."

घोंगडं मी घेतलं, कारण ते घरात होतं. कॉलेजच्या वसतिगृहात जाताना आण्णांनीच दिलं होतं. सिंगापूरच्या दमट हवेत ते डांबरगोळ्या घालून आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये पडून होतं, आणि माझी बायको सुजाता दर दिवाळीला ते टाकून द्यायचा विषय काढायची. सुतळी घेतली नाही. मी इंजिनीअर, माझ्या पायात तांबेवहिनींच्या बॅगेतले जर्मन बूट. एकदाच होक्काइडोला वापरलेले, नव्यासारखे चकचकीत.

राहिली आरोळी. ती कुठं शिकायची? फ्लॅटमध्ये ओरडलो तर शेजारी तक्रार करणार. पार्कात ओरडलो तर पोलीस येणार. शेवटी यार्डात एका जहाजाची रिकामी टाकी तपासायला उतरलो होतो तेव्हा, सोबतचा माणूस शिडीवरून वर गेल्यावर, मी डोळे मिटून खिडकीतून ऐकलेलं आठवलं आणि आवाज काढला. टाकीनं तो सात-आठ वेळा परत दिला. प्रत्येक वेळी तो माझाच होता, आण्णांचा एकदाही नाही. तेवढ्यात वरून सेफ्टी ऑफिसर खाली वाकला. "बॉस, यू ओके ऑर नॉट? समबडी फॉल डाउन, आह?" मी म्हणालो, "टेस्टिंग." त्यानं टाकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काहीतरी लिहून घेतलं.

मारेकच्या गावी

पोलंडचा हा भाग तळ्यांचा. उन्हाळ्यात लोक होड्या घेऊन येतात म्हणे. जानेवारीत तळी पांढरी पडलेली आणि त्यांवर माणसं स्टुलं टाकून मासे धरत बसलेली. बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून तास-तास न बोलता. आमच्या गावात दोन माणसं पाच मिनिटं गप्प बसली तर तिसरा विचारायला येतो, भांडण झालं का.

मारेकनं दारातच मला मिठी मारली आणि मग नाक फेंदारलं. "हा कसला वास?"

मी घोंगडं दाखवलं. डांबरगोळ्यांचा वास.

"छान," तो म्हणाला. "तू नुसता चालत जा, इंजिनियर. ओरडायची गरज नाही. डुकरं जर्मनीत पोचतील."

रात्रभर त्यानं घोंगडं बाहेर तारेवर टाकलं. सकाळी ते पत्र्यासारखं ताठ झालं होतं. उभं केलं तर उभं राहत होतं. झटकल्यावर वास बराच गेला आणि खालून दुसरा वर आला, मेंढराचा. त्या वासासरशी मला आमची पडवी आठवली. पहाटे अंगणात शेकोटी करून बसलेले आण्णा, अंगावर घोंगडं आणि हाक्याला जायच्या आधी गुळाचा खडा तोंडात. मी पंधरा वर्षं ते घोंगडं बंद खोलीत ठेवलं होतं आणि वासाला डांबरगोळ्या लावल्या होत्या.

सकाळी साडेसातला चौकात सगळे जमले. उणे आठ. बंदूकवाले हिरव्या कपड्यांत, टोप्यांना पीस लावलेलं. हाकेकरी बारा जण, सगळे नारंगी जाकिटांत. शिकारीचा प्रमुख म्हणून एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्यानं नियम सांगितले, मारेक मला इंग्रजीत करून सांगत होता. पहिलं शिंग वाजलं की रांग निघणार. दुसरं शिंग वाजलं की रांग जवळ आली, आता आतल्या बाजूला बार काढायचा नाही. तिसरं, संपलं. हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्याकडे शिंग नव्हतं, आण्णांची आरोळीच काय ते सांगायची. रानात शिरण्यापूर्वी आमच्याकडे राखणदार देवाला नारळ फोडायचे. इथं त्यांनी टोप्या काढून क्षणभर मान खाली घातली. कोणाला, ते मी विचारलं नाही. मीही कानटोपी काढली आणि लगेच परत घातली.

हाकेकऱ्यांची पुढारी बाई होती, हालिना. वय साठीच्या पुढं, गाल लालबुंद, कमरेला बारदानासारखी पिशवी. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं माझ्या चकाकत्या काळ्या फुगीर जॅकेटच्या बाहीवर बोट घासलं, कर्र असा आवाज झाला, आणि तिनं नुसतीच मान हलवली. जॅकेटचा दोष नव्हता, ते बर्फात फोटो काढायलाच घेतलेलं होतं.

पहिला हाका

रान म्हणजे सूचिपर्णी झाडं, मध्येच तरुण झाडांची इतकी दाट जाळी की आत कुत्रंच शिरावं, आणि सगळीकडे काटेरी वेली. शिंग वाजलं. बारा माणसं ओरडायला लागली. हॉप, हॉप, आणि काठ्या झाडांवर. मला गंमत वाटली. इतक्या लांब, इतक्या थंडीत, आवाज तोच. लाकडावर लाकूड.

मी फोन रेकॉर्डिंगला लावून जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवला आणि तोंड उघडलं. थंड हवा घशात अशी शिरली की खोकलाच आला. त्याच वेळी वेलीत जॅकेट अडकलं. मी ओढलं, ते फाटलं, आणि आतली पिसं भसकन बाहेर उडाली. पांढऱ्या बर्फावर पांढरी पिसं. वाटेवर बंदूक घेऊन बसलेला मारेक नंतर म्हणाला, "मला वाटलं तू बदकं मारतोयस."

मी जॅकेट काढून पाठीवरच्या पिशवीत कोंबलं आणि घोंगडं काढलं. डोक्यावरून खोळ करून घेतली, आण्णा घ्यायचे तशी, वरून नारंगी जाकीट चढवलं आणि फोन त्याच्या खिशात टाकला. आता आवाज नाही, काटा शिरत नाही, बर्फ पडलं की वरच्या वर झटकता येतं. वाचकांपैकी कुणाला असं जायचं झालं तर एवढं ऐका. काय घालायचं ते ज्याच्यासोबत चालायचंय त्याला विचारा, थंडीच्या बॅगेला विचारू नका.

पण बॅगेचा खरा हिसका पुढेच होता. एका ओढ्याच्या उतरणीवर माझा उजवा पाय सरकला, आणि मी खाली पाहिलं तर बुटाचा तळ मागे राहिलेला. दहा पावलांत डावा तळही सुटला. उचलून पाहिला तर कडांचा बिस्किटासारखा चुरा हातात. मग लख्ख कळलं. सिंगापूरची दमट हवा अशा तळांना आतून खाते. वर्षानुवर्षं बंद खोलीत पडलेले बूट वरून नवे दिसतात आणि चालायला लागलं की विरघळतात. आमच्या यार्डातही नवखे लोक जुने सेफ्टी शूज घालून येतात आणि असेच फसतात, मीच त्यांना हसतो. हे मला, एका इंजिनीअरला, ठाऊक होतं. ते कपाळावर लिहून घ्यायला हवं होतं.

मोज्यांतून बर्फ लागायला लागलं. बाकीची रांग थांबली. माझ्यामुळे पुन्हा एकदा रांग फुटणार होती.

हालिना आली. माझ्या पायांकडे पाहिलं. हसली नाही. मला ओंडक्यावर बसवलं, जादा मोजे घालायची खूण केली, मग कमरेच्या पिशवीतून गवताच्या पेंढ्या बांधायची जाड दोरी काढली. सुतळीच ती. तळ बुटाला लावून वरून खालून असे वेढे दिले आणि अशी गाठ मारली की मला बैल जुंपताना जुवाच्या शिवळेला मारतात त्या गाठीची आठवण झाली. दुसरा पाय. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून तिनं रांगेकडं बोट केलं.

मी गुळाचा खडा काढून तिला दिला. तिनं हुंगला, चाटला, आणि सगळा तोंडात टाकला.

तिसरा हाका

दुपारी आगीभोवती बिगोस मिळालं, म्हणजे आंबवलेल्या कोबीत तासन् तास शिजवलेलं मांस. आंबट, धुरकट, तेलाचा तवंग. मिरची नाही, पण उणे आठात तक्रार कोण करणार? दुसऱ्या हाक्यातही माझ्या तोंडून आरोळी निघाली नव्हती. काहीतरी निघत होतं, पण ते त्या टाकीतलं होतं. तोंड उघडलं की मला सेफ्टी ऑफिसर दिसायचा. शिकलेला माणूस ओरडताना आजूबाजूला बघतो, ही माझी अडचण.

तिसरा हाका शेवटचा. हालिनानं मला तिच्या शेजारी, रांगेच्या मधोमध उभं केलं. का, ते तिलाच माहीत. आम्ही त्या तरुण झाडांच्या जाळीत शिरलो. वाकून चालायचं, समोर दोन हातांपलीकडे काही दिसत नाही. अचानक आतून फुरफुर, काटक्या मोडल्याचा आवाज, आणि कळप पुढं जायच्या ऐवजी उलटा फिरला. आमच्याकडे. पुढची मादी मी बघितली. काळी, पाठीवरचे केस उभे, नाकातून वाफ. आमच्या बस स्टॉपवरच्या मादीशी तिचं काहीही नातं नव्हतं.

मी घाबरलो. हे सरळ सांगतो. पळायला जागा नव्हती आणि पायाला दोऱ्या बांधलेल्या होत्या. माझं तोंड उघडलं आणि आरोळी बाहेर पडली. लांब एक, मग आखूड तीन, आणि शेवटी खाली पडणारा तो सूर. ती माझ्या छातीच्या खालून कुठून तरी आली. मी ती दिली असं म्हणवत नाही. मादी जागच्या जागी वळली, कळप वळला, आणि पुढं दूरवर दोन बार ऐकू आले.

हालिना थांबून माझ्याकडं बघत होती. मग तिनं आपली काठी एका बुंध्यावर एकदाच आपटली.

मी फोन काढला. काळा. थंडीनं त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. मारेकनं सांगितलं होतं, फोन आतल्या खिशात ठेव. पण आतून आवाज नीट यायचा नाही म्हणून मी बाहेरच्या खिशात ठेवला होता. आरोळी दिली गेली आणि तिची नोंद कुठंच झाली नाही. मी त्या बर्फात उभा राहून रडलो असतो, पण डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठतं हे सकाळीच कळलं होतं.

शेकोटीपाशी

मोकळ्या जागेवर त्यांनी सूचिपर्णी झाडांच्या फांद्या अंथरल्या आणि त्यांवर मारलेली दोन डुकरं नीट ओळीत ठेवली. त्यांना ओलांडून जायचं नाही, भोवतीनं फिरायचं. प्रत्येकाच्या तोंडात एक डहाळी, शेवटचा घास म्हणून. शिंगवाल्यानं एक संथ सूर वाजवला, सगळे टोप्या काढून उभे. मेलेलं जनावर बघून मला आनंद झाला नाही, फार वाईटही वाटलं नाही. उकरलेल्या खाचराच्या बांधावर बसलेली आई मी पाहिलेली आहे. पण तो मान मला आवडला. आमच्याकडे लगेच वाटे पडायचे, प्रत्येक हाकेकऱ्याला सारखा. मारेकही म्हणाला, "तुझा वाटा घे." मी म्हणालो, मांस नेता येत नाही, डुकरांच्या रोगामुळे सगळीकडे बंदी आहे. बुटांचे राहिलेले तळसुद्धा रानातून निघताना औषधात बुडवून घेतले होते.

"मग तू काय नेणार?" त्यानं विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. आण्णा, घसा, शाळेची खिडकी, मेलेला फोन. त्यानं माझा फोन घेतला, गाडीत जाऊन तारेला लावला आणि परत आला. मग पांढऱ्या मिशीवाल्या प्रमुखाशी काहीतरी बोलला. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

"तो म्हणतोय, आज शिकारीच्या मानाचं शिंग वाजलं, हाकेकऱ्यांच्या मानाचं काही वाजलं नाही," मारेक म्हणाला. "लाव फोन."

आमच्या गावी दिवेलागण होऊन गेली असणार. आईनं दुसऱ्याच घंटेला उचलला.

"जेवलास का?"

"आई, आण्णांच्या कानाला लाव."

"लावला."

वीस-पंचवीस परकी माणसं आगीभोवती उभी होती. मी त्यांच्याकडं पाठ केली, रानाकडं तोंड केलं आणि आरोळी दिली. बारीक आली. मलाच कळलं.

पलीकडे खसपस झाली. मग आई. "न्हाई म्हनत्यात. शेवट चुकला."

"शेवट कसा?"

"हात खाली न्हेतायत. सोडू नगं म्हनत्यात. खाली उतरीव. पायरीवरनं उतरल्यावानी. आणि पोटातनं काड, नरड्यातनं न्हवं."

मी परत दिली.

"आता मधलं चुकलं. तीन म्हंजी तीन. घाई नगं."

परत दिली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मारेकची माणसं आधी हसत होती, मग जवळ सरकली. हालिना माझ्याशेजारी येऊन हाताची घडी घालून उभी राहिली आणि प्रत्येक वेळी परीक्षकासारखी डोकं वाकडं करून ऐकू लागली. माझा घसा सोलवटला. पाय सुन्न झाले होते. पलीकडून आईचं, "परत म्हनत्यात," "परत." छत्तीस वर्षांपूर्वी या माणसानं माझा कान धरून मला रानातून बाहेर काढलं होतं. आता तोच मला आत घेत होता, एक एक पायरी.

शेवटी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दमलास. ह्ये बी दमल्यात. डोळं पुसाय लागल्यात."

"बरोबर आली का शेवटची?"

पलीकडे पुन्हा खसपस झाली. तिनं विचारलं असणार. "न्हाई म्हनत्यात. पर जवळ आलाईस. रविवारी फोन कर म्हनत्यात."

परत सेम्बावांग

जॅकेट मी रफू करून आणलं, तरी तांबेवहिनींना कळलंच. बूट नवे घेऊन ठेवले. बॅगेत सुतळीचा एक गुंडा टाकला. वहीत लिहिलं, 'बूट नेण्यापूर्वी घालून दहा मिनिटं चाला. सुतळी असू द्या.' घोंगडं बॉम्ब शेल्टरमध्ये परत गेलं नाही. ते सोफ्यावर असतं, आणि सुजाता त्यावर बोलत नाही. अन्वी एसी वाढवून ते अंगावर घेते.

दर रविवारी संध्याकाळी मी समुद्राकाठच्या पार्कात जातो. समोर सामुद्रधुनीचं पाणी, पलीकडे मलेशिया, आणि तिकडं तोंड करून ओरडलं तर तक्रार करायला कुणी नाही. दोन मासे धरणारे काका आहेत, त्यांना सवय झालीय. एकदा झाडीतून ती मादी पिल्लांसकट बाहेर आली. मी आरोळी दिली. तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि परत गवत उकरायला लागली. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "हसत्यात. म्हनत्यात, डुकरालाबी कळतंय तुझं कच्चं हाय."

अजून शेवट चुकतो, असं आण्णांचं म्हणणं आहे. दर रविवारी आई विचारून सांगते, आणि दर रविवारी उत्तर तेच. जवळ आलाय, परत म्हण. मी मुद्दाम चुकवत नाही. पण एकदा का ती बरोबर आली, की परत म्हण म्हणायला त्यांना कारण उरायचं नाही. म्हणून घाईही करत नाही.